आधी खुंट पाहावा

दिवाळी आटोपली होती. आंबिया बहाराची बाग व्यापाऱ्याला झाडावरच दिली होती. इसाराचे पैसे हाती आले होते, उरलेले संत्रा तुटल्यावर मिळायचे होते. अशाच एका संध्याकाळी माझी पुतणी वहीचे पान घेऊन ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "मोठेबाबा, हे पाहा बरं. यातले बारा हजार कुठून कापू?"

पानावर नीट अक्षरात एक यादी होती. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, कॅबिनेट, एसएमपीएस, मॉनिटर, की-बोर्ड. प्रत्येकापुढे किंमत आणि खाली बेरीज : ५२,००० रुपये. तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या धाकट्या भावाने, तिच्यासाठी काढून ठेवले होते ४० हजार. यंदा श्रावण-भाद्रपदात फळगळ झाली नसती तर कदाचित ५२ हजारही निघाले असते. पण संत्र्याच्या घरात 'कदाचित'चा हिशेब कोणी मांडत नाही.

पोरगी वरुडच्या महाविद्यालयात संगणकाचा अभ्यासक्रम शिकते. शेंदूरजनाघाटहून रोज एसटीने ये-जा करते. तयार लॅपटॉप घ्यावा असे तिच्या वडिलांचे म्हणणे. "घेतला नं, उघडला नं, सुरू झाला. हे सुटे भाग आणून जोडाची खटपट कायले?" हे म्हणणे वावगे नाही. लॅपटॉपमध्ये बॅटरी असते, आणि आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो. पण पोरीचे उत्तरही तयार होते. आजच्या बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम पट्टीवर टाक्याने पक्की केलेली असते, वाढवता येत नाही. एक भाग गेला की सारा डबा अमरावती-नागपूरला न्यावा लागतो. घरी जोडलेल्या संगणकाचा एक भाग गेला, तर तेवढाच बदलतो. आणि शेवटी हळूच म्हणाली, "मले एकदा स्वतःच्या हातानं जोडून पाहाचा आहे."

या शेवटच्या वाक्यापुढे मी काही बोललो नाही. कारण अठ्ठ्याण्णव साली हेच वाक्य मी माझ्या वडिलांना ऐकवले होते, आणि त्याची किंमत आमच्या घराने चांगलीच मोजली होती.

सीताबर्डीहून आलेला डबा

१९९८चा उन्हाळा. मृग बहाराच्या संत्र्याचे पैसे आले होते आणि मला शिक्षकाची नोकरी लागून चार वर्षे झाली होती. विंडोज ९५ येऊन तीन वर्षे लोटली होती, विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले होते, आणि आमच्या तालुक्यात संगणक पाहिलेली माणसे बोटांवर मोजण्यासारखी होती. मोठ्या कंपनीचा तयार संगणक परवडणारा नव्हता. त्या काळी मध्यमवर्गीय घरात संगणक आला तो बहुधा 'असेम्बल्ड' म्हणून. मुंबईकर लॅमिंग्टन रोडला जात (त्याचे कागदावरचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग), दिल्लीकर नेहरू प्लेसला, बंगळूरकर एस. पी. रोडला. आम्ही वऱ्हाडातली माणसे नागपूरला सीताबर्डीला.

एका दुकानात मी यादी दिली. त्या दिवसांत सगळी चर्चा मेगाहर्ट्झची असे. माझा जीव प्रोसेसरवर अडकला होता; पेंटियम एमएमएक्स, २०० मेगाहर्ट्झ. तो घेण्यासाठी बाकी सगळे कापले. मदरबोर्ड बिननावाचा. रॅम ३२ मेगाबाइट. आणि कॅबिनेट असे की ज्याच्यासोबत वीज पुरवणारा एसएमपीएसचा डबा फुकट मिळत होता. फुकट, हा शब्द मला तेव्हा फार गोड लागला.

दुकानातल्या पोराने माझ्यासमोर संगणक जोडला. तेव्हाच्या जुन्या धाटणीच्या एटी कॅबिनेटमध्ये एसएमपीएसमधून मदरबोर्डकडे दोन जुळ्या पिना येत. त्यांची अदलाबदल झाली तर मदरबोर्ड जळून जाई. पोरगा म्हणाला, "सर, एकच मंत्र. काळ्याला काळी." म्हणजे दोन्ही पिनांच्या काळ्या तारा मधोमध एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. ते वाक्य मला आजही पाठ आहे. १४ इंची मॉनिटर मांडीवर घेऊन मी काटोलमार्गे एसटीने घरी आलो. पाय मुंगीएवढेही हलवता आले नव्हते, पण आनंद मावत नव्हता.

आमचे घर पन्हेरीवाल्यांचे. शेंदूरजनाघाट हे सातपुड्याच्या पायथ्याचे गाव संत्र्याच्या कलमांसाठी दूरवर ओळखले जाते. कलमे न्यायला दुसऱ्या जिल्ह्यांतून आणि सीमेपलीकडे मध्य प्रदेशातूनही शेतकरी येत. त्यातले निम्मे उधारीवर नेत आणि बहार आल्यावर पैसे आणून देत. ती उधारी वडिलांच्या लाल वहीत असे. मी मोठ्या हौसेने ती वही संगणकात चढवली. वर्षभर नवीन उधारी थेट त्यातच लिहिली. वडिलांना म्हणालो, "बाबा, आता वही कायले पाह्यजे?"

पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एका दुपारी वीज गेली. तासाभराने आली ती अशी आली, की घरातले दोन बल्ब फुटले. संगणकाच्या मागून धूर निघाला. फुकटचा तो एसएमपीएस एकटा गेला नाही. जाताना मदरबोर्ड, रॅम आणि हार्ड डिस्क घेऊन गेला. वर्षभराची उधारी डिस्कमध्ये होती. दुसरीकडे कुठे उतरवलेली नव्हती.

त्या वर्षी बरेच शेतकरी आपणहून आले आणि आठवेल तेवढे पैसे देऊन गेले. बरेच आले नाहीत. किती बुडाले हे आम्हाला कधी कळलेच नाही, कारण कळायला वहीच नव्हती. वडील मला रागावले नाहीत. जळका डबा त्यांनी ओट्यावर मांडला, आतली पाटी पाहिली, माझ्याकडून एकेक भाग समजून घेतला. मग म्हणाले, "तुनं शेंडा पाहून कलम घेतली रे बाबू. खुंट काही पाह्यला नाही."

खुंट म्हणजे काय

पन्हेरीची माहिती नसलेल्या वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. नागपुरी संत्र्याचे झाड बीपासून वाढवत नाहीत. आधी जंभेरीचे किंवा रंगपूर लाईमचे रोप तयार करतात. ते पेन्सिलीएवढे जाड झाले की त्याच्या खोडावर इंग्रजी 'टी' अक्षरासारखा छेद घेऊन संत्र्याच्या निवडक झाडाचा डोळा त्यात बसवतात. वर वाढते ते संत्रा, जमिनीत राहते ती जंभेरी. गिऱ्हाईक बहुधा वरची पाने पाहते. जाणता शेतकरी खाली वाकून खुंट पाहतो, डोळा जमिनीपासून वीतभर वर भरला आहे ना हे पाहतो. कारण खाली भरलेल्या डोळ्याला ओल लागते, डिंक्या शिरतो. आणि चूक कळते केव्हा? पाच-सहा वर्षे पाणी-खत घालून झाड फळावर आले म्हणजे. तोवर पन्हेरीवाल्याची पावतीही हरवलेली असते.

संगणकाचे असेच आहे. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम ही पाने आणि फळे. त्यांचे आकडे जाहिरातीत येतात, मित्रांत सांगता येतात. मदरबोर्ड, एसएमपीएस आणि घरातले अर्थिंग हा खुंट. त्याविषयी कोणी विचारत नाही.

मदरबोर्ड आणि वीजपुरवठ्याच्या डब्यात विजेची चढउतार सपाट करणारी छोटी नळकांडी असतात, त्यांना कपॅसिटर म्हणतात. त्यात ओला रसायनद्रव असतो. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा या क्षेत्रातला ठोकताळा आहे. मे महिन्यात ४५ अंश झेलणाऱ्या वऱ्हाडात या एका ओळीचा अर्थ काय होतो, हे वाचकांनीच ताडावे. २००० सालाच्या आगेमागे तर निकृष्ट द्रवाचे कपॅसिटर जगभरच्या बोर्डांवर लागले आणि दोन-चार वर्षांत त्यांची टोके फुगून फुटू लागली. आमच्याकडच्या दुरुस्तीवाल्यांनी त्या काळात किती फुगलेली नळकांडी उपटली असतील, त्याला गणती नाही.

फसवणूक त्याआधीही होतीच. १९९०च्या दशकाच्या मध्यात काही स्वस्त ४८६ बोर्डांवर वेग वाढवणाऱ्या कॅश मेमरीच्या म्हणून ज्या चिपा लावलेल्या असत, त्या आतून पोकळ प्लास्टिकच्या निघाल्या. कमी वेगाच्या प्रोसेसरवरचा आकडा खरवडून वरचा आकडा छापण्याचा धंदाही जोरात होता. कलम एका जातीची सांगून दुसरीच देणारे फक्त पन्हेरीतच असतात, असे समजायचे कारण नाही.

देशानेही यादी केली होती

हे सारे आठवताना मला नेहमी वाटते, की भाग निवडून संगणक जोडण्याची ही विवंचना एकट्या घराची नाही. देशानेही ती दोनदा केली, आणि दोन्ही वेळा महाराष्ट्रात केली.

पहिली वेळ मुंबईत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५०च्या दशकाच्या मध्यास आर. नरसिंहन आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी संगणक घरीच बांधायचे ठरवले. तेव्हा दुकानात मिळणारे सुटे भाग म्हणजे रेडिओचे व्हॉल्व्ह, डायोड आणि रोधक. नमुन्याचे छोटे यंत्र १९५६मध्ये चालू झाले, पूर्ण यंत्र १९६०मध्ये, आणि १९६२मध्ये पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिले. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. स्मरणशक्ती होती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या भाषेत केवळ दहा किलोबाइट. माझ्या पुतणीच्या यादीतली १६ गिगाबाइटची पट्टी त्याच्या सोळा लाख पटींहून मोठी. पण त्या दहा किलोबाइटमागे एक निवड होती. पाऱ्याच्या नळ्या किंवा पडद्यावरचे ठिपके यांवर आठवण ठेवण्याच्या जुन्या पद्धती तेव्हा प्रचारात होत्या. मुंबईच्या मंडळींनी फेराइटच्या चिमुकल्या कड्यांची, तेव्हा नवीन असलेली पद्धत घेतली. वीज गेली तरी त्या कड्यांतली आठवण पुसली जात नाही. खुंट पाहून घेतलेला निर्णय म्हणतात तो असा.

दुसरी वेळ पुण्याची, आणि तिचा धागा थेट आमच्या वऱ्हाडात येतो. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात भारताला अमेरिकेकडून क्रे कंपनीचा हवा तो महासंगणक मिळेना. मग १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली. तिची धुरा डॉ. विजय भटकर यांच्याकडे आली. त्यांचा जन्म १९४६चा, अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यातील मुरंबा गावचा. अभियांत्रिकीचे शिक्षण नागपूरचे. मुदत तीन वर्षांची, पैसा तीसेक कोटींचा. परदेशी महासंगणक विकत घ्यायलाही साधारण एवढाच पैसा लागत असे.

एकच अतिशय वेगवान प्रोसेसर मिळणे शक्य नव्हते, आणि तो इथे घडवण्याइतका वेळही नव्हता. तेव्हा भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाजारात मिळणारा भाग निवडला : इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचा ट्रान्सप्युटर. एकटा घेतला तर तो काही महाबली नव्हे. पण त्याच्या अंगातच शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार दुवे होते. चार हातांनी चार शेजारी धरायचे, त्यांनी आणखी शेजारी धरायचे, आणि सर्वांनी मिळून एकच काम वाटून घ्यायचे. गावात विहिरीचा गाळ काढताना माणसे जशी रांग धरतात, तसाच प्रकार. १९९१मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. पुढे ट्रान्सप्युटरचे दिवस सरले, तेव्हा सी-डॅकने 'परम ९०००'ची बांधणी अशी केली की नव्या जातीचे प्रोसेसर त्यात बसवता यावेत. खुंट कायम, डोळा नवा.

याच काळात संगणकाला मराठी येण्यासाठीसुद्धा एक सुटा भाग लागे, हे आजच्या मुलांना सांगितले तर खरे वाटत नाही. सी-डॅकचे 'जिस्ट' नावाचे कार्ड मदरबोर्डवरच्या खाचेत बसवले, की डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटे. ज्याला मराठीत लिहायचे असेल त्याने यादीत एक कार्ड वाढवायचे! युनिकोडमुळे आज ती ओळ यादीतून गेली. फुकटात मिळालेल्या गोष्टीची आठवण राहत नाही, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

दुसऱ्या कॅलिफोर्नियातली गोष्ट

वरुड-मोर्शी भागाला लोक कौतुकाने विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात. गंमत अशी, की खऱ्या कॅलिफोर्नियातली आजची सिलिकॉन व्हॅली म्हणजे सांता क्लारा खोरेही एके काळी फळबागांचेच होते. जर्दाळू आणि आलुबुखाऱ्याच्या बागा तिथे मैलोन्‌मैल पसरल्या होत्या. तिथेच १९७५मध्ये स्टीव्ह वॉझ्निॲक हा तरुण घरी संगणक बांधायच्या खटपटीत होता. मोटोरोलाची ६८०० ही चिप डोळ्यापुढे ठेवून त्याने आराखडा केला होता, पण तिची किंमत झेपणारी नव्हती. तशा चिपा तेव्हा शंभर डॉलरच्या वर जात. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका प्रदर्शनात ६५०२ नावाची चिप पंचवीस डॉलरला मिळाली. त्याने ती घेतली आणि आराखडा तिच्याप्रमाणे बदलला. त्यातून १९७६चा ॲपल-१ निघाला. उत्तम काय आहे असे त्याने विचारले नाही. माझ्या खिशात बसेल आणि माझे काम करील असे काय आहे, असे विचारले.

आणि आपण 'असेम्बल' करू शकतो, ते तरी कशामुळे? १९८१मध्ये आयबीएमने आपला छोटा संगणक घाईने बाजारात आणला तो दुसऱ्या कंपन्यांचे, खुल्या बाजारातले भाग जोडून. स्वतःचे असे एक राखले होते ते त्यातले बायॉस. पुढच्याच वर्षी कॉम्पॅकने तेही नक्कल न करता, नव्याने लिहून दाखवले. मग भाग कोणाचेही आणि जोडणी कोणाचीही, असा जगभर बाजार उघडला. सीताबर्डीचे ते दुकान, तो 'काळ्याला काळी'वाला पोरगा आणि मांडीवरचा मॉनिटर हे सारे त्या एका घाईतून आलेले पीक.

या बाजाराचे भाव संत्र्यासारखेच. २१ सप्टेंबर १९९९ला तैवानात मोठा भूकंप झाला आणि जगभर रॅम महागली. २०११मध्ये थायलंडमध्ये पूर आला, कारखाने पाण्यात गेले आणि हार्ड डिस्क महागल्या. बांगलादेशाने आयात शुल्क वाढवले की वरुडात संत्रा उतरतो, हे ज्याने पाहिले आहे, त्याला यात नवल वाटत नाही. म्हणून भाव चढला असताना सगळे एकदम घेऊ नये. जे मागाहून जोडता येते ते मागाहून जोडावे.

पुन्हा त्या पानाकडे

तर, बारा हजार कुठून कापायचे?

मी पुतणीला आधी एकच प्रश्न विचारला, "याच्यावर तू करणार काय?" ती म्हणाली, प्रोग्रॅमिंग, कॉलेजचे प्रकल्प, आणि पन्हेरीचा हिशेब. यातल्या एकाही कामाला वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. ते यादीत आले कुठून? तर सगळ्यांच्या यादीत असते म्हणून. थोडा वेळ ती गप्प बसली. मैत्रिणी काय म्हणतील हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. धाकट्या भावाला गेम खेळायचे वचनही तिने देऊन ठेवले होते. शेवटी तिनेच पेन उचलले आणि १४ हजारांची ती ओळ खोडली. बेरीज आली ३८ हजारांवर.

मात्र त्यात एक खुबी आहे. कार्ड नको असेल, तर प्रोसेसर असा घ्यावा लागतो की ज्याच्या पोटातच पडद्यावर चित्र उमटवण्याची सोय आहे. काही प्रोसेसरांत ती नसते. इंटेलच्या नावापुढे 'एफ' अक्षर असेल तर समजावे की नाही. दोन पैसे स्वस्त म्हणून तो घेतला तर घरी आल्यावर पडदा काळाच राहतो.

मग मी एसएमपीएसच्या ओळीवर बोट ठेवले. सगळ्या यादीत सर्वांत लहान आकडा त्याचा होता. अशा साध्या संगणकाला दीडशे वॉटसुद्धा लागत नाहीत. पण स्वस्त डब्यावर ४५० छापलेले असते आणि प्रत्यक्षात तो निम्म्यावर धापा टाकतो. चांगल्या कंपनीचा, '८० प्लस'ची कसोटी लागलेला घ्यायचा. दोन हजार वाढले. आणि यादीत यूपीएस मुळी नव्हताच! ६०० व्हीएचा साधा यूपीएस, तीन हजार. वीज गेल्यावर काम जपून ठेवून संगणक शिस्तीत बंद करण्यापुरती पाच-दहा मिनिटे तो देतो. आमच्या गावात तेवढी पुरतात.

बेरीज झाली ४३ हजार. अजून तीन कापायचे होते. रंगीत दिव्यांच्या कॅबिनेटऐवजी साधे, जाळीचे, हवा खेळेल असे घेतले. एक हजार वाचला. राहिले दोन. रॅम १६ऐवजी ८ गिगाबाइट घ्यायची असे तिने स्वतःच ठरवले. बोर्डावर रॅमच्या दोन खाचा आहेत. एकीत पट्टी बसेल, दुसरी मोकळी राहील. संगणक अधूनमधून अडखळेल, हे मी लपवले नाही. ती हसून म्हणाली, "दुसरी खाच मृगाच्या बहारासाठी." मृगाची बाग फेब्रुवारी-मार्चला तुटते.

मदरबोर्ड मात्र तिने एक पैसाही कमी केला नाही. पुढे दोन-चार वर्षांनी वरच्या जातीचा प्रोसेसर त्याच बोर्डावर बसेल का, हे तिने आधीच शोधून ठेवले होते. एएमडीच्या एएम-४ या खाचेवर २०१७च्या रायझनपासून पुढची कित्येक वर्षे नवे प्रोसेसर बसत राहिले, हे तिनेच मला सांगितले. माझ्या वेळी सॉकेट-७वर इंटेल, एएमडी आणि सायरिक्स अशा तिन्ही जाती बसत, हे मी तिला सांगितले. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. एका खुंटावर तीन जातीचे डोळे, ही कल्पना पन्हेरीच्या घरात कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

एक खर्च मात्र यादीबाहेरचा निघाला, तो माझ्या भावाने उचलला. संगणकाच्या लोखंडी कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, अशी तक्रार खेड्यांत घरोघर ऐकू येते. दोष बहुधा संगणकाचा नसतो. एसएमपीएसमधली गाळणी नको असलेली थोडी वीज कॅबिनेटकडे ढकलते. ती जमिनीत जावी अशी तिची अपेक्षा असते. घराला अर्थिंगच नसेल तर ती तिथेच थबकते आणि आपल्या बोटातून वाट काढते. भावाने परसात खड्डा खणला, मीठ-कोळसा भरून पट्टी पुरली. उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी टाकायचे काम धाकट्या पोराकडे आले. गेम न मिळाल्याची भरपाई म्हणून ते काम त्याला काही फार आवडले नाही.

लाकडी पाटावर

पौषात एका रविवारी भाग घरी आले. पुतणीने लाकडी टेबल पुसून घेतले, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून आधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला, आणि एकेक भाग बसवू लागली. आता 'काळ्याला काळी' म्हणावे लागत नाही; पिनांचा आकारच असा की उलटी बसत नाही. प्रोसेसरच्या कोपऱ्यावर मात्र बारीक सोनेरी त्रिकोण असतो, तो बोर्डावरच्या त्रिकोणाशी जुळवून, जोर न लावता ठेवायचा. माझा भाऊ, ज्याने आयुष्यात लाखभर डोळे भरले असतील, तो शेजारी उभा राहून पाहत होता. प्रोसेसर आपल्या जागी बसला तेव्हा तो पहिल्यांदा बोलला. "हे तं डोळा भराचंच काम हाय. दाबाचं नाही, बसवाचं."

पहिल्या खेपेला पडदा उजळला नाही. पोरीचा चेहरा उतरला. माझ्या डोळ्यापुढे पंचवीस वर्षांपूर्वीचा धूर उभा राहिला. तिने शांतपणे कॅबिनेट पुन्हा उघडले, रॅमची पट्टी काढून परत बसवली. या वेळी दोन्ही बाजूंनी 'टक्' असा आवाज आला. पडदा उजळला.

त्या रात्री तिने पन्हेरीचा हिशेब लिहायला घेतला, मराठीतच. पहिली नोंद आजच नेलेल्या कलमांची : शंभर कलमे, निम्मे रोख, निम्मे आंबियावर. नोंद करून तिने ती पेनड्राइव्हवर उतरवली. मग फडताळातून लाल वही काढली आणि तीच ओळ पेनाने पुन्हा लिहिली.

मी म्हटले, "संगणक आहे ना आता?"

"आहे ना," ती म्हणाली. "म्हणूनच."